पाळवणकर बाळू : चार रुपयांचा गोलंदाज

१८९२ साली अमेरिकेत विल्यम हेफेलफिंगर याला अमेरिकन फुटबॉलच्या एका सामन्यासाठी ५०० डॉलर मिळाले. पैसे घेऊन तो खेळ खेळणारा पहिला ज्ञात खेळाडू तोच. हौशी खेळाच्या त्या काळात मोबदला घेणे कमीपणाचे समजले जाई.

त्याच सुमारास पुण्यातील युरोपियनांच्या क्लबात एक किशोरवयीन मुलगा महिना चार रुपयांवर राबत होता. खेळपट्टीवर रोलर फिरवणे, रेषा आखणे आणि सरावासाठी साहेबांना चेंडू टाकणे, हे त्याचे काम. पाळवणकर बाळू यांचा जन्म १८७६चा, धारवाडचा; समाज चर्मकार. जे. जी. ग्रेग हा निष्णात फलंदाज त्यांच्या डावखुऱ्या फिरकीवर तासन्‌तास सराव करी, आणि बाद केल्यास दर वेळी आठ आणे देई, असे सांगतात. फलंदाजी मात्र साहेबांची. नोकराच्या हाती बॅट कशाला येईल?

पुढे पुण्यातील हिंदू क्लबाने त्यांना संघात घेतले. मैदानावर सारे एकाच चेंडूला हात लावीत. चहाच्या वेळी मात्र बाळूंना तंबूबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा मिळे. चेंडूला विटाळ नव्हता, हे सोयीचेच म्हणायचे.

पुढे ते मुंबईला गेले. १९०६ साली हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्यात बाळूंचा वाटा मोठा होता. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात पतियाळाच्या महाराजांच्या संघाने बहुतेक सामने गमावले; तरीही बाळूंनी ११४ बळी घेतले.

एवढे होऊनही हिंदू संघाचे कप्तानपद त्यांच्याकडे आले नाही. १९२० साली ते देवधरांना देण्यात आले, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या बाळूंच्या भावांनी निषेध म्हणून संघातून अंग काढून घेतले. वाद पेटला. अंतिम सामन्यासाठी भाऊ परतले, बाळू उपकप्तान झाले. कप्तान पै मैदानाबाहेर गेले तेवढ्या वेळापुरती संघाची सूत्रे त्यांच्या हाती आली.

१९२३ साली विठ्ठल कप्तान झाले. बाळू तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचे होते आणि त्यांची गोलंदाजी थांबली होती.