अतिभार, शेतघरातील (सोलापूर जिल्हा)

अतिभार : विजेच्या तारेला सोसवेल त्याहून जास्त प्रवाह तिच्यातून बराच वेळ वाहणे. शॉर्टसर्किटमध्ये फेज आणि न्यूट्रल थेट भिडतात व क्षणात भडका उडतो. अतिभारात डोळ्यांना काहीच दिसत नाही. तार आतल्या आत तापते, तिचे पीव्हीसी आवरण कडक होऊन तडकते आणि हे महिनोन्‌महिने चालू राहू शकते. सोलापूर जिल्ह्यात सुट्टीपुरत्या उघडणाऱ्या घरांना हा धोका जास्त आहे. पुण्या-मुंबईत स्थिरावलेल्या कुटुंबांची वस्तीवरची दोन खोल्यांची घरे, हुरड्याच्या दिवसांत गजबजणारी फार्महाऊसे, पंढरपुरात वारीपुरती उघडली जाणारी जुनी घरे, ही सगळी त्यात येतात.

अशा घराचे वर्षभराचे वीजबिल नगण्य असते आणि तिथेच फसगत होते. तारेला महिन्याच्या युनिटांशी देणेघेणे नाही. एका वेळी किती अँपिअर वाहतात एवढेच तिला कळते. संक्रांतीला, गड्डा यात्रेच्या आठवड्यात घर उघडते. सकाळी सातला गिझर (२,००० वॅट), इंडक्शन शेगडी (१,८००), पाण्याची किटली (१,५००) आणि बोअरची एक अश्वशक्तीची मोटर (सुमारे १,०००) एकदमच चालू होतात. बेरीज ६,३०० वॅट. तिला २३० व्होल्टने भागले की २७ अँपिअर येतात. घरातले सगळे प्लग एकाच १६ अँपिअरच्या एमसीबीवर (जास्त प्रवाह झाला की आपोआप पडणाऱ्या स्विचवर) असतील, तर तो काही मिनिटांत पडतो.

एमसीबी पडणे हा बिघाड नव्हे, ते त्याचे कामच आहे. प्रमाणानुसार १६ अँपिअरचा एमसीबी सुमारे १८ अँपिअरपर्यंत तासभर तग धरतो, २३ अँपिअरला मात्र त्याने तासाच्या आत पडलेच पाहिजे. पण पाहुणे खोळंबलेले असतात, कुणीतरी ‘मोठा टाका’ म्हणतो आणि त्या जागी ३२ अँपिअरचा एमसीबी बसतो. सगळे सुरळीत चालू लागते. सर्वांत घातक दुरुस्ती हीच. भिंतीतली तार २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची असेल, तर पाइपातून नेलेली ती ३० अंश सेल्सिअसला साधारण २४ अँपिअर पेलते. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि पत्र्याखालची हवा सहज ५० अंश गाठते. त्या उष्णतेत क्षमता सत्तर टक्क्यांवर, म्हणजे १७ अँपिअरवर येते. १७ अँपिअरच्या तारेवर ३२ अँपिअरचा राखणदार बसवला, तर तार जळेपर्यंत तो जागचा हलणार नाही. जुन्या किटकॅट फ्यूजमध्ये वायरीचा जाड पदर पिळून बसवणे हाही तोच प्रकार.

शेतातल्या घराला आणखी एक अडचण आहे ती अंतराची. २०१३ च्या ३१ डिसेंबरला ७६५ किलोव्होल्टच्या रायचूर–सोलापूर वाहिनीने दक्षिणेचे ग्रीड उर्वरित देशाशी जोडले; जिल्ह्यातच एनटीपीसीचा १,३२० मेगावॅटचा औष्णिक प्रकल्प आहे. तरी खांबापासून घरापर्यंतच्या तारेचे दुखणे त्याने बरे होत नाही. २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार १०० मीटर नेली, तर जाऊन-येऊन तिचा रोध दीड ओहमच्या आसपास भरतो. १५ अँपिअर घेतले की बावीस व्होल्ट वाटेतच जिरतात. व्होल्टेज उतरले की भाराखालची मोटर जास्त प्रवाह ओढते, त्याने व्होल्टेज आणखी उतरते.

शेतीपंपांच्या वाहिनीवर थ्री फेज पुरवठा पाळीपाळीने, ठरावीक तासच मिळतो. लाईट आली की ऑटोस्विच लावलेले शिवारातले सगळे पंप एकाच क्षणी सुरू होतात. सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह घेते. डीपी (रोहित्र) जळण्याचे हे मोठे कारण. ऑटोस्विच काढा, कपॅसिटर बसवा, असे आवाहन महावितरण वर्षानुवर्षे करत आली आहे. आपल्या घरातल्या मोटरलाही ऑटोस्विच नसावा.

उपाय वाटणीचा आहे. दिवे-पंख्यांसाठी १.५ चौरस मिलिमीटरची तार व ६ किंवा १० अँपिअरचा एमसीबी. गिझर, शेगडी आणि मोटर यांना प्रत्येकी स्वतंत्र सर्किट. एसी असल्यास ४ चौरस मिलिमीटरची तार. एमसीबी नेहमी तारेवरून ठरवावा, उपकरणावरून नव्हे. गिझर सहा अँपिअरच्या प्लगमध्ये किंवा एक्स्टेन्शन बोर्डावर कधीही लावू नये. आरसीसीबी, ज्याला लोक ईएलसीबी म्हणतात, बसवावाच, कारण ३० मिलिअँपिअरची गळती ओळखून तो माणसाचा जीव वाचवतो. पण अतिभार त्याला कळत नाही. तो आहे म्हणून एमसीबीकडे दुर्लक्ष नको. एकूण भार वाढला असेल, तर वीजबिलावर छापलेला मंजूर भार पाहून महावितरणकडे भारवाढीचा अर्ज करावा. मंजुरीविना ओढलेला भार शेवटी शेजाऱ्यांच्याही डीपीवर पडतो.

बंद घराची म्हणून वेगळी देखभाल असते. उंदीर तारा कुरतडतात, बोर्डात पाली शिरतात, कुंभारमाशी मातीचे घर बांधते, स्क्रू सैल होतात. सैल जोडावर प्रवाह मर्यादेत असूनही ठिणग्या उडतात आणि प्लगची पिन काळी पडते. ती काळी पिन आणि जळक्या प्लॅस्टिकचा वास या दोन खुणा दिसल्यास तो बोर्ड त्याच दिवशी बंद करावा. घर उघडल्यावर आधी मेन स्विच बंद ठेवून बोर्ड पाहून घ्यावेत, मग एकेक एमसीबी वर करावा. जड उपकरणे एका वेळी एकच चालवावीत. पाणी भरून झाले की गिझर, गिझर बंद झाला की शेगडी. घर चार दिवस भाड्याने किंवा नातेवाइकांना देत असाल, तर हा क्रम बोर्डाशेजारी मराठीत लिहून लावा आणि प्रत्येक एमसीबीखाली त्याच्या तारेचा आकार परवानाधारक वायरमनकडून नोंदवून घ्या.