बैलाच्या नावाचा दम

आमच्या वसमत भागात पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळण होते. जू वाहून घट्टे पडलेल्या खांद्याला लोणी-हळद चोळतात. चोळणारा बहुधा सालगडी. त्याच्या स्वतःच्या खांद्याला कुणी काही चोळल्याचं मी पाहिलेलं नाही. माझे वडील सालगडी होते, म्हणून सांगतो.

जनावराचा दम राखायची रीत आमच्याकडे पक्की होती. अमावस्येला औत जुंपायचं नाही, उन्हं चढली की सोडायचं, सावलीत वैरण-पाणी दाखवायचं. बैल बसला तर मालकाची पेरणी बुडते. गडी बसला तर त्याचा खाडा लागतो, एवढंच. साल पाडव्याला ठरायचं ते पुढच्या पाडव्यापर्यंत: काही रोख, काही ज्वारी, धोतर, वहाणा, घोंगडी. उचल तर आधीच घरात खर्चून गेलेली. खाडे मालकाच्या वहीत चढायचे आणि साल संपताना तेवढे पैसे कापले जायचे, नाहीतर पाडव्यानंतर तेवढे दिवस फुकट भरून द्यावे लागायचे. अमावस्येला बैल गोठ्यात उभे असत आणि वडील दावी वळत, कुंपणाला काट्या लावत, उकिरडा उपसत.

तरी त्यांनी आपली सोय काढली होती. कुळव हाणताना बांधापाशी आले की थांबायचे, पाशीत अडकलेलं गवत सावकाश काढायचे, तंबाखू मळायचे. मालकानं हटकलं की म्हणायचे, "बैलांना दम खाऊ द्या की, मालक." यावर कोणता शेतकरी काय बोलणार? स्वतःसाठी मागितली असती तर ती मिनिटं मिळाली नसती. जुन्या काळी माणसं निसर्गाच्या लयीत, निवांत कामं करायची, असं शहरातली मंडळी लिहितात तेव्हा मला हा बांध आठवतो.

१९६८ साली पूर्णा नदीवर येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणं झाली, आणि कालव्याचं पाणी आमच्या शिवारात आलं. ऊस वाढला, हळद वाढली. कोरडवाहूत उन्हाळ्याला हात मोकळे असायचे, ते गेलं. पाण्याच्या पाळीला रात्र-दिवस नसतो आणि दारं धरायला बैल लागत नाही. त्यामुळे बैलाच्या नावानं खायचा दमही गेला. हळद काढल्यावर कढईवर रात्री जायच्या. वर पाला नि पोती झाकलेली, खाली जाळ, धुरानं डोळे चुरचुरणारे. फेस आला, वास सुटला, कंदात काडी अलगद आरपार गेली की घाणा उतरायचा. तो शिजेपर्यंत एकानं जाळ सारायचा, दुसऱ्यानं पोत्यावर अंग टाकायचं. झोप मिळायची ती अशी, एका घाण्यापुरती. आता वाफेचे कुकर आले, घाणा झटपट उतरतो; तेवढी डुलकीही आखडली.

गड्याच्या विसाव्याला कागदावर जागा मिळाली ती दुष्काळानं. १९७२ च्या दुष्काळी कामांतून रोजगार हमी योजना उभी राहिली. तिचा कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. कामावर पिण्याचं पाणी, सावली आणि लेकरांना सांभाळायची सोय असावी, असं त्यात होतं. प्रत्यक्षात सावली म्हणजे अनेकदा चार बांबूंवरचं फाटकं पटकूर. पण ती मागायला बैलाचं नाव घ्यावं लागत नव्हतं, ही माझ्या लेखी मोठी गोष्ट.

आमचा हिंगोली १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा जिल्हा झाला. तोवर गावात ट्रॅक्टर आले होते, बैल कमी झाले होते. हळद काढणाऱ्या बायांनी रोज सोडून गुत्तं धरलं. झुंजूमुंजू रानात जायचं, ऊन तापायच्या आत उरकायचं. वेग त्यांचा, न्याहारी त्यांच्या मर्जीनं. लोभापायी कंबर मोडेस्तोवर राबणाऱ्याही आहेत, नाही असं नाही. पण मालक त्यांना बांधावरून हाका मारत नाही.

सालगडी आता शोधून सापडत नाही. पाडव्याच्या आधी मालकच दारात येतो, आणि गडी पैशाचं बोलायच्या आधी विचारतो, "रात्रीचं पाणी कोण देणार?"