मंगलाष्टके कोणी म्हणावीत?



गेल्या श्रावणात माझ्या थोरल्या बंधूंचा नांदेडहून निरोप आला, "तू मास्तर आहेस. पोरीला चार गोष्टी समजावून सांग." पोरीचा, म्हणजे माझ्या पुतणीचा, विवाह ठरला होता. मुलगी परिचारिका, वर लातूरकडचा, शाळेत चित्रकला शिकविणारा. दोन्ही घरे राजी होती. देण्याघेण्याचा प्रश्न नव्हता. तंटा होता तो विधीचा. या दोघांनी आपल्या लग्नाचा सारा बेत वहीच्या एका पानावर लिहून काढला होता. वाजंत्री नाही, आहेर नाही, अक्षतांऐवजी फुलांच्या पाकळ्या, आणि पुरोहिताच्या जागी वधूवरांनी स्वतः, मराठीत, एकमेकांस वचने द्यावयाची. "रात्रपाळीच्या आठवड्यात स्वयंपाक मी करीन," असे वराचे एक वचन होते. "माझ्या वेतनातील ठराविक भाग मी आईवडिलांस देत राहीन," असे वधूचे. दादांना हे थट्टेसारखे वाटले. भावकीपुढे हे वाचून दाखवावयाचे, या कल्पनेनेच त्यांचा जीव अर्धा झाला.

मी खरोखर मुलीची समजूत घालण्याच्या इराद्यानेच जुनी पुस्तके काढून बसलो. आपल्या देशी असे कधी झाले नाही, हे मला दाखवून द्यावयाचे होते. ते काही मला दाखविता आले नाही.

प्रथम आठवले ते आपल्या उंबरठ्यावरचेच कल्याण. आजचे बसवकल्याण बीदर जिल्ह्यात, कर्नाटकात आहे. परंतु निलंगा, उदगीर आणि अहमदपूर हे तालुके 1956 पर्यंत त्याच बीदर जिल्ह्यात मोडत, हे आमच्या पिढीच्या वडीलधाऱ्यांस चांगले ठाऊक होते. बाराव्या शतकात तेथे कलचुरी राजा बिज्जळ राज्य करीत होता आणि बसवेश्वर त्याच्या पदरी होते. शरणांच्या परंपरेत अशी कथा सांगतात की, पूर्वाश्रमीचे चर्मकार हरळय्या यांचा पुत्र आणि पूर्वाश्रमीचे ब्राह्मण मधुवरस यांची कन्या यांचा विवाह शरणमंडळींनी लावून दिला. राजाने दोघाही पित्यांस हत्तीच्या पायी बांधून ठार करविले. पाठोपाठ कल्याणात दंगल उसळली, बिज्जळ मारला गेला आणि शरण देशोधडीला लागले. एका लग्नापायी राजधानी पेटली, असे ही कथा मानते. लातूर भागातील लिंगायत घरांतून ती आजही सांगितली जाते, आणि सांगणाराचा आवाज हरळय्यांच्या नावाशी येऊन थोडा खाली येतो.

परंतु हा दाखला दादांच्या उपयोगी नव्हता, आणि मुलीच्याही नव्हता. तेथे भांडण कोणी कोणाशी लग्न करावे याविषयी होते. धोंडो केशव कर्वे यांनी 11 मार्च 1893 रोजी पुण्यात गोदूबाईंशी पुनर्विवाह केला, तेव्हाही तेच. वधू विधवा होती एवढ्यावरून कर्व्यांना त्यांच्या मुरूड गावाने वाळीत टाकले. आमच्या घरी मात्र वधूवरांविषयी कोणाचीच तक्रार नव्हती. प्रश्न निराळाच होता. लग्न लावावयाचे कोणी, आणि बोलावयाचे कोणी?

या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मी जोतीराव फुल्यांच्या दाराशी येऊन पोहोचलो.

सत्यशोधक समाजाची स्थापना पुण्यात 24 सप्टेंबर 1873 रोजी झाली. त्यानंतर अवघ्या तीन महिन्यांनी, 25 डिसेंबर 1873 रोजी, समाजाच्या पद्धतीने पहिला विवाह लागला. वर सीताराम जबाजी आल्हाट. वधू राधा, सावित्रीबाईंच्या मैत्रीण बजूबाई निंबणकर यांची कन्या. पुरोहित नाही, हुंडा नाही. खर्च काय तो पानसुपारीचा, आणि तोही सावित्रीबाईंनी स्वतः सोसला. पुढल्या वर्षी, 7 मे 1874 रोजी, ग्यानोबा ससाणे यांचा दुसरा विवाह लागला. त्या वेळी विरोध एवढा माजला होता की विघ्न येऊ नये म्हणून पोलिसांचे साह्य घ्यावे लागले. लग्नमंडपाला पोलिसांचा पहारा, हे चित्र क्षणभर डोळ्यांपुढे आणून पाहा! कशासाठी? तर वधूवरांनी आपल्या मायबोलीत शपथ घ्यावी यासाठी.

मला अधिक विचारात पाडले ते पुढच्या गोष्टीने. 1887 साली जोतीरावांनी एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याचे नाव 'सत्यशोधक समाजोक्त मंगलाष्टकांसह सर्व पूजाविधी'. नावच पाहा. या मनुष्याने पूजा आणि विधी टाकून दिलेले नाहीत. मंगलाष्टकेही ठेविली आहेत, त्यांची परिचित चालही ठेविली आहे. बदलले आहे ते म्हणणारे तोंड. येथे वर आणि वधू समोरासमोर उभी राहून एकमेकांस उद्देशून बोलतात. वधू सांगते की स्वातंत्र्य म्हणजे काय याची आम्हा स्त्रियांस ओळखच झालेली नाही. तेव्हा आमचे हक्क आम्हांस देशील अशी शपथ घे. वर उत्तर देतो की स्त्रियांचे अधिकार स्थापित करण्यासाठी मी सदैव झटेन. मग जमलेली मंडळी आशीर्वाद देतात. नवरीने भर मांडवात, चारचौघांदेखत, नवऱ्याकडे हक्क मागावयाचा, आणि तो 1887 साली! आमच्या पुतणीच्या वहीतील वेतनाचे वचन त्यापुढे किती सौम्य आहे, हे दादांस सांगावयाचे मी मनात टिपून ठेविले.

येथे माझे स्वतःचे एक सांगून टाकतो. चाळीस वर्षांपूर्वी मी अंतरपाटामागे घाम पुशीत उभा होतो. गुरुजींनी संस्कृतात माझ्याकडून काय काय वदवून घेतले ते मला कळले नाही. पलीकडच्या बाजूस उभी असलेलीलाही कळले नसावे. संसार चांगला झाला. पण कोणते वचन पाळले आणि कोणते मोडले हे मला आजही सांगता येणार नाही, कारण वचन कोणते दिले तेच ठाऊक नाही.

विरोध केवळ श्रद्धेपोटी होत होता असेही समजू नये. जुन्नर तालुक्यातील ओतूर येथे बाळाजी कुसाजी पाटील यांच्या घरी पुरोहितावाचून लग्न लागले, तेव्हा गावच्या जोशांनी दक्षिणेच्या हक्कासाठी दावा लावला आणि तो मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत गेला. बोलावले नाही तरी दक्षिणा द्यावी, असा तो वतनी हक्क सांगितला जात होता. अखेर 1926 साली मुंबई इलाख्याने स्वतंत्र कायदा करून, ज्याची सेवा घेतली नाही त्या पुरोहिताला दक्षिणा देण्याचे बंधन काढून टाकले. आपण तेव्हा निजामाच्या राज्यात, म्हणून हा कायदा आपल्याला लागू नव्हता. पण वारा सीमा ओळखत नाही.

नांदेडकरांस तर आणखी जवळचे उदाहरण आहे. शीख मंडळींचा आनंद विवाह आज आपल्याला अगदी पुरातन आणि सहज वाटतो. गुरू ग्रंथसाहेबांभोवती चार फेरे, चार लावां, आणि विवाह संपन्न. परंतु अशा विवाहाच्या वैधतेविषयी वाद उपस्थित होत, म्हणून 1909 साली 'आनंद विवाह कायदा' करावा लागला. आजची रूढी कालचा वाद असते, हे आपण फार लौकर विसरतो.

दादांची खरी भीती मात्र निराळी निघाली. नांदेडला जाऊन मी हे सारे त्यांच्यापुढे ठेविले, तेव्हा ते बराच वेळ उगी राहिले आणि मग म्हणाले, "ते सगळं खरं. पण उद्या कोणी म्हणालं की हे लग्नच नव्हे, तर पोरीनं कुठं जायचं?" प्रश्न बापाचा होता, आणि रास्त होता. 1872 च्या कायद्याने नोंदणी विवाह करता येई. परंतु त्यासाठी आपण हिंदू, मुसलमान इत्यादी कोणताही धर्म मानीत नाही असे लिहून द्यावे लागे. 1923 च्या दुरुस्तीने हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांची त्या अटीतून सुटका झाली. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी 15 एप्रिल 1948 रोजी दिल्लीत आपल्या राहत्या घरी केलेला विवाह नोंदणी पद्धतीचाच होता. आज लागू आहे तो 1954 चा विशेष विवाह कायदा. त्यात कोणाचाही धर्म आड येत नाही. तीस दिवस आधी नोटीस द्यावी, तीन साक्षीदार आणावे. विवाहाचा विधी वधूवरांना पसंत पडेल तो चालतो. फक्त अधिकारी आणि साक्षीदार यांच्यासमक्ष प्रत्येकाने दुसऱ्याचा पती अथवा पत्नी म्हणून स्वीकार केल्याचे स्पष्ट शब्दांत उच्चारावे लागते. वही वाचावयास सरकारची हरकत नाही. हे ऐकल्यावर दादांनी पुतणीला हाक मारून ती वही मागविली.

चष्मा लावून त्यांनी ते पान दोनदा वाचले. स्वयंपाकाच्या वचनाशी थांबले. काहीच बोलले नाहीत. नंतर माझ्या खिशातील लेखणी घेऊन त्यांनी 'आशिर्वाद' या शब्दातील ऱ्हस्व शि दीर्घ केली, वही मिटली आणि विचारले, "ती नोटीस नांदेडात द्यायची की लातुरात?" दोघांपैकी कोणी एक जेथे तीस दिवस राहत असेल, त्या जिल्ह्यात, मी सांगितले. "मग इथंच देऊ," ते म्हणाले, "मी येतो बरोबर."