जुन्या कागदपत्रांतील 'चित्ता' आणि शास्त्रीय प्राणिनामांची आवश्यकता

जुन्या पत्रांचें व पोथ्यांचें संपादन करितांना स्थलनामांचा व व्यक्तिनामांचा निर्णय जितक्या काळजीनें केला जातो, तितक्या काळजीनें प्राणिनामांचा केला जात नाहीं, असें आम्हांस पुष्कळ दिवसांपासून वाटत आलें आहे. 'एक हिंस्र पशु' एवढी टीप देऊन संपादक पुढें जातो. या उपेक्षेनें इतिहासाची कशी हानि होते, हें चित्त्याच्या एकाच उदाहरणानें दाखविण्याचें योजिलें आहे.

प्रथम संस्कृत कोश पाहूं. 'द्वीपिन्' म्हणजे ज्याच्या अंगावर बेटांसारखे ठिपके आहेत तो. अर्थात् हा शब्द बिबळ्यास शोभतो. परंतु अमरसिंहानें तो व्याघ्राच्या पर्यायांत घातला आहे, आणि वाघाच्या अंगावर तर पट्टे असतात. 'चित्रक', 'चित्रकाय' या शब्दांची गति तीच. चित्रविचित्र अंग बिबळ्याचेंहि असतें व चित्त्याचेंहि. मराठींतील व्यवहार याहून घट्ट नाहीं. कोंकणांत नुसतें 'वाघ' म्हटलें तर पुष्कळदां बिबळ्याच अभिप्रेत असतो, व खऱ्या वाघास 'पट्टेरी' हें विशेषण लावावें लागतें. बिबळ्यासच 'चित्ता' म्हणणारे लोक तर आजहि आढळतात.

फारसींत 'यूज' म्हणजे चित्ता व 'पलंग' म्हणजे बिबळ्या, असा भेद आहे. परंतु ब्लॉकमनच्या ऐन-इ-अकबरीच्या १८७३ सालीं प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी भाषांतरांत अकबराच्या शिकारी चित्त्यांस 'लेपर्ड' म्हटलें आहे. चित्त्यास 'हंटिंग लेपर्ड' म्हणण्याची तेव्हां इंग्रजी रीतच होती. केवळ तें भाषांतर पाहून जो मराठींत लिहील, तो अकबराच्या दारीं बिबळे बांधील!

शास्त्रीय संज्ञेनें हा घोटाळा मिटतो. लिनीयसच्या 'सिस्टेमा नॅचुरी' या ग्रंथाची १७५८ सालची दहावी आवृत्ति ही प्राणिनामांची आरंभमर्यादा मानलेली आहे. नांव दोन पदांचें. पहिलें प्रजातीचें, दुसरें त्या प्रजातींतील जातीचें. एकाच प्राण्यास दोन नांवें पडलीं असतां सामान्यतः आधींचें ग्राह्य धरावें, असा नियम आहे. याप्रमाणें वाघ 'पँथेरा टायग्रिस', बिबळ्या 'पँथेरा पार्डस' व चित्ता 'ॲसिनोनिक्स जुबाटस' होय.

यावर कोणी म्हणेल कीं, हीं नांवेंहि बदलतात. बदलतात खरीं, पण त्यांचा माग राहतो. श्रेबरनें १७७५ सालीं चित्त्यास 'फेलिस जुबाटा' म्हटलें. पुढें तो 'ॲसिनोनिक्स' या प्रजातींत गेला. हें पद पुल्लिंगी म्हणून 'जुबाटा'चें 'जुबाटस' झालें. विशेष्याचें लिंग विशेषणानें घ्यावें, हें आमच्या वैयाकरणांस नवें नाहीं. प्रजाति बदलली तरी मूळ नामकर्ता व वर्ष यांची नोंद कायम राहते. त्यामुळें जुन्या नांवावरून नव्याकडे बिनचूक जातां येतें.

शुहूर, फसली व राज्याभिषेक शक यांतील मित्या आपण जंत्रीनें एका गणनेंत आणतों; मूळ मिती पुसून टाकीत नाहीं. शास्त्रीय संज्ञा ही प्राणिनामांची जंत्रीच होय.

यांत केवळ शब्दांचा प्रश्न नाहीं. १९४७ सालीं कोरिया संस्थानांत तीन चित्ते मारले गेले. १९५२ सालीं भारतांतून ही जात नष्ट झाल्याचें सरकारनें जाहीर केलें. आणि १७ सप्टेंबर २०२२ रोजीं नामिबियाहून आणलेले आठ चित्ते मध्यप्रदेशांत कुनो येथें सोडण्यांत आले. हा प्राणी पूर्वीं कोठें कोठें होता, या प्रश्नाचें उत्तर जुन्या कागदांतच शोधावें लागतें. बिबळ्याची एक नोंद चित्त्याची म्हणून वाचली कीं, तो जेथें कधीं नव्हता तेथें त्याची वस्ती ठरते. शिवाय पाळलेल्या चित्त्याची नोंद ही रानांतल्या चित्त्याचा पुरावा नव्हे. कोल्हापूर दरबारानें विसाव्या शतकांत आफ्रिकेंतून चित्ते आणविले होते. आशियांतील चित्त्याची उपजाति 'व्हेनॅटिकस' या तिसऱ्या पदानें वेगळी दाखवितात. 'चित्ता' या एका शब्दांत हा भेद मावत नाहीं.

म्हणून आमची सूचना अशी आहे. मूळ पाठांतील शब्दास हात लावूं नये. टीपेंत प्रथम कागदांतच आलेलीं लक्षणें द्यावीं. जनावर डोळ्यांवर पट्टी बांधून गाडींतून शिकारीस नेलें असेल, तर तो बहुधा चित्ता. चित्रांत ठिपके भरीव असून डोळ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ असेल, तर तो चित्ताच. ठिपक्यांचीं कडीं असतील तर बिबळ्या. त्यानंतर शास्त्रीय संज्ञा लिहावी, व निर्णय होत नसेल तर संशय तसाच नोंदवावा. चुकीच्या निश्चयापेक्षां प्रामाणिक संशय पुढील अभ्यासकास अधिक उपयोगी पडतो.

ज्यांच्या संग्रहीं शिकारखान्यांचे हिशेब, जनावरांच्या खुराकाच्या यादी किंवा मृगयेचीं चित्रें असतील, त्यांनीं तीं या दृष्टीनें पुन्हां एकवार पाहावीं, अशी आमची विनंति आहे. जो प्राणी आपल्या रानांतून गेला, त्याचा ठाव आतां अशा कागदांतच उरला आहे. तो वाचणाऱ्याच्या हलगर्जीपणानें पुसला जाऊं नये.