नोंदवहीबाहेरचे मूल

२० मार्च आला की मी वर्गात महाडचा इतिहास शिकवतो. १९२७ साली बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले ते आमच्याच तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात. तहान हा दैवाचा नव्हे, हक्काचा प्रश्न आहे, हे तिथे ठणकावून सांगितले गेले. घरातला पहिला पदवीधर म्हणून मी आज फळ्यापाशी उभा आहे तो त्या ओंजळीमुळे. पण पेण आणि रोहा तालुक्यांतल्या कातकरवाड्यांवर जाऊ लागल्यापासून हा पाठ शिकवताना माझी जीभ अडखळते. वैशाखात वाडीवरची बाई ओढ्याच्या वाळूत डवरा खणते आणि गढूळ पाणी वाटीवाटीने हंड्यात भरते. तेच पाणी तान्ह्या मुलाच्या पोटात जाते, आणि हगवण लागते. त्याच पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणाचे पाणी मात्र नळातून नवी मुंबईला पोचते.

कातकऱ्याचे मूल कुपोषित का, असे विचारले की शिकलेल्या माणसाचे उत्तर तयार असते : आईबाप दारू पितात, भगताकडे जातात, दवाखान्यात येत नाहीत. हे उत्तर मला ओळखीचे वाटते. आमच्या बापजाद्यांनाही आधी पाणी नाकारले आणि मग अस्वच्छ म्हणून हिणवले.

इतिहास वेगळे सांगतो. खैराचा कात काढणारे ते कातकरी. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर राखीव जंगलाच्या सीमा आखल्या गेल्या. कातकऱ्याचा धंदा गेला आणि त्याच्या मुलाच्या ताटातले कंद, रानभाजी, शिकार हेही आटत गेले. १९३० साली चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात नाग्या महादू कातकरी हुतात्मा झाला. स्वातंत्र्य आले, पण जंगल काही त्याच्या जातभाईंच्या हाती आले नाही. उरली ती कोळशाच्या आणि विटांच्या भट्टीवरची मजुरी. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी रद्द झाली. पावसाळ्यात घ्यायची उचल मात्र राहिली.

दुसरी सीमा कागदावरची. १९३६ साली इंग्रज सरकारने आदिवासींचे अंशतः वगळलेले प्रदेश ठरवले. शेजारच्या ठाणे जिल्ह्यातले डहाणू, शहापूर, मोखाडा त्यात आले. कुलाबा आला नाही. १९८५ साली राष्ट्रपतींच्या आदेशाने महाराष्ट्रातली अनुसूचित क्षेत्रे नव्याने घोषित झाली. त्यातही रायगड नाही. म्हणून १९९६ चा पेसा कायदा आणि त्याने ग्रामसभेला दिलेले अधिकार इथल्या वाडीला लागू होत नाहीत. पेणला आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे, कातकरी ही केंद्राच्या यादीतली आदिम जमात आहे. पण ज्या भूमीवर तो राहतो ती आदिवासींची मानलेली नाही. कित्येक वाड्या तर खाजगी मालकाच्या नाहीतर वनखात्याच्या जमिनीवर उभ्या आहेत. नळ आणायचा तर मालकाची संमती हवी, पक्के घर बांधायचे तर जागेचा कागद हवा. २०२३ साली सुरू झालेली जनमन योजना घर, पाणी, अंगणवाडी देऊ म्हणते. तिलाही घराखालच्या जमिनीचा प्रश्न आधी सोडवावा लागेल.

आणि औषध पत्ता शोधत येते. भाद्रपदाच्या आरंभी जन्मलेल्या मुलाला दीड महिन्याची लस वाडीवर मिळते. अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसी द्यायच्या तेव्हा दिवाळी होऊन गेलेली असते, झोपडीला काटी लावलेली असते आणि मूल भट्टीवर विटांच्या धुरळ्यात असते. एका वाडीच्या नोंदवहीत मी अशा मुलांच्या नावांपुढे एकच शब्द पाहिला : स्थलांतरित. वाडीच्या वहीतून ते मूल गेले. भट्टीच्या गावच्या वहीत मात्र ते आलेच नाही.

यावर उपाय नाही असे कोणी म्हणू नये. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९९५ नंतर ३९ गावांत गावच्याच बायकांना शिकवून नवजात बाळाची काळजी घरी नेली. तिसऱ्या वर्षी तिथला नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी भरला. २००५ साली देशभर आशा नेमल्या गेल्या, त्यामागे असल्या प्रयोगांचा आधार होता. बाई साक्षर असो की अर्धशिक्षित, ती दारापर्यंत गेली की मूल जगते. आमच्याकडे दारच सहा महिने हलते. म्हणून कातकरी समाजातलीच आशा हवी, ती तांड्याबरोबर भट्टीवर गेली तरी तिचे मानधन चालू राहायला हवे, आणि मुलाची नोंद मुलाबरोबर फिरायला हवी. भट्टीमालकाच्या परवान्यात पिण्याच्या पाण्याची आणि पाळण्याच्या जागेची अट हवी. वाडीखालची जमीन वाडीच्या नावे हवी.

या मागण्या कोणी करायच्या? आम्ही आमच्या सभांत 'शोषित' हा शब्द उच्चारतो तेव्हा कातकरी त्यात गृहीत धरलेला असतो. व्यासपीठावर तो नसतो. हा दोष माझाही आहे. यंदा महाडला जाताना मी विद्यार्थ्यांना आधी त्या डवऱ्यापाशी नेणार आहे. चवदार तळ्याचा लढा संपला, असे त्यांनी परीक्षेत लिहू नये, एवढीच माझी इच्छा आहे.