निकालाचा पत्ता कसा वाचायचा

आज सुरुवातीला फळ्यावर दोन ओळी लिहितो.

दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई, (१८८५) आयएलआर ९ बॉम. ५२९.
दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई, (१८८६) आयएलआर १० बॉम. ३०१.

वकील मंडळी याला सायटेशन म्हणतात. मी त्याला निकालाचा पत्ता म्हणतो. वाचायला सोपा आहे. आधी पक्षकारांची नावं, मग वर्ष, मग ग्रंथमाला. आयएलआर म्हणजे ‘इंडियन लॉ रिपोर्ट्स’ आणि बॉम. म्हणजे तिची मुंबई मालिका. मालिकेच्या आधीचा ९ हा खंड, नंतरचा ५२९ हे पान. म्हणजे नववा खंड काढा, पान ५२९ उघडा.

आता ते पान उघडल्यावर काय दिसतं? लहानपणी लग्न झालेल्या रखमाबाईंनी सासरी नांदायला नकार दिला. नवरा कोर्टात गेला. न्यायमूर्ती पिन्हे यांनी त्याचा दावा फेटाळला. रखमाबाई जिंकल्या! पण थांबा, दुसरा पत्ता राहिला. दहाव्या खंडात ३०१ पानावर अपिलाचा निकाल आहे. तिथे पिन्हेंचा निर्णय उलटवला आणि खटला पुन्हा सुनावणीला पाठवला. १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी आदेश दिला: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. शेवटी १८८८ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली, आणि पुढे त्या इंग्लंडहून डॉक्टर होऊन आल्या. ज्याच्या हाती फक्त नववा खंड आहे, त्याला ही गोष्ट अर्धीच, म्हणजे उलटीच कळते.

म्हणून प्रश्न हा की हे खंड कुणाच्या हाती होते?

१८७५ साली इंडियन लॉ रिपोर्ट्स अ‍ॅक्ट झाला. त्याआधी हायकोर्टाचे निकाल वेगवेगळ्या संग्रहांतून छापले जात. सरकारने १८७६ पासून मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि अलाहाबाद अशा चार अधिकृत मालिका सुरू केल्या. कायद्याने असंही सांगितलं की दुसऱ्या कुणी छापलेला अहवाल ऐकून घ्यायचं बंधन कोर्टावर नाही.

पण खाजगी प्रकाशक काही थांबले नाहीत. १८९९ मध्ये रतनलाल आणि धीरजलाल या जोडीचा ‘बॉम्बे लॉ रिपोर्टर’ निघाला. टिळकांवरचे राजद्रोहाचे खटले बघा. पहिला: क्वीन-एम्प्रेस विरुद्ध बाळ गंगाधर टिळक, (१८९७) आयएलआर २२ बॉम. ११२. दुसरा: एम्परर विरुद्ध बाळ गंगाधर टिळक, (१९०८) १० बॉम. एलआर ८४८. एका ओळीत किती इतिहास! मधल्या काळात राणी गेली, राजा आला, म्हणून फिर्यादीचं नाव बदललं. आणि ‘एलआर’ अक्षरं बघा: हा दुसरा पत्ता खाजगी पुस्तकातला आहे. १८९९ हा पहिला खंड धरला तर १९०८ दहावा. हिशेब जुळतो.

मग १९२२ मध्ये नागपुरात व्ही. व्ही. चितळे यांनी ‘ऑल इंडिया रिपोर्टर’, म्हणजे आपला एआयआर, सुरू केला. साऱ्या हायकोर्टांचे निकाल एका मालेत. जिल्ह्याच्या वकिलालाही आता एकच संच पुरे होऊ लागला.

स्वातंत्र्यानंतर पत्ते आणखी वाढले. केशवानंद भारती खटला घ्या, १९७३ चा, तेरा न्यायमूर्तींचा. एआयआर १९७३ एससी १४६१. (१९७३) ४ एससीसी २२५. [१९७३] सप्लि. एससीआर १. निकाल एकच, पत्ते तीन! एससीआर हा सुप्रीम कोर्टाचा अधिकृत अहवाल, एससीसी १९६९ पासूनचा खाजगी.

इथे कंसाची गंमत सांगतो. इंग्लंडची जुनी रीत अशी की वर्ष हीच खंडाची ओळख असेल तर चौकोनी कंस, आणि खंडांचे क्रमांक सलग असतील तर वर्ष फक्त माहितीसाठी, म्हणून गोल कंस. एससीसीमध्ये वर्षाशिवाय चौथा खंड सापडतच नाही, तरी गोल कंस! एआयआरला तर कंसच नाही. म्हणजे नियम पाठ करून भागत नाही. प्रत्येक मालेची सवय ओळखावी लागते.

पण खरी अडचण कंसाची नाही. तुमच्याकडे एआयआर आणि समोरच्याकडे एससीसी असेल, तर पान जुळत नाही. दोन्ही संच नसतील, तर ज्या निकालाच्या आधारे तुमचा वाद ठरतो तो तुम्ही वाचणार कसा? मग हा निकाल कुणाच्या मालकीचा, हा प्रश्न कोर्टातच गेला. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक. सुप्रीम कोर्टाने सांगितलं की न्यायमूर्तींचा मूळ मजकूर कुणालाही छापता येईल; प्रकाशकाचं संरक्षण त्याच्या स्वतःच्या मेहनतीला, हेडनोटसारख्या भागांना. आणि या निकालाचा पत्ता काय? (२००८) १ एससीसी १. ज्यांचा दावा मर्यादित झाला, त्यांच्याच मालेचं पहिलं पान! (हशा)

२०२३ मध्ये आणखी एक पाऊल पडलं. एससीआरमधले निकाल ‘ई-एससीआर’वर मोफत वाचता येऊ लागले, आणि कुठल्याही प्रकाशकावर अवलंबून नसलेला पत्ता आला: वर्ष, ‘आयएनएससी’ ही अक्षरं आणि क्रमांक. पानाऐवजी परिच्छेद सांगायचा. आपल्या हायकोर्टाच्या पत्त्यात ‘बीएचसी’नंतर एनएजी, एयूजी, गोवा अशी अक्षरं येतात, निकाल कुठल्या खंडपीठाचा ते तिथेच कळतं.

तेव्हा मंडळी, यापुढे ‘कोर्टाने असं म्हटलंय’ असं कुणी सांगितलं, तर पत्ता मागा. तो उघडा. आणि तिथेच थांबू नका. पुढे अपील झालं का, तेही बघा. रखमाबाईंचा दहावा खंड विसरू नका.