वेदनेची साक्ष कोण देणार? मेंदूच्या प्रतिमा आणि कलिनाची प्रयोगशाळा

१/ सांताक्रूझ पूर्वेला, कलिना येथे, महाराष्ट्राच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळांचे मुख्यालय आहे. २००८ साली एका खून खटल्यामुळे त्याची चर्चा परदेशातही झाली. माणसाच्या आत काय चालले आहे, हे त्याच्या मेंदूकडूनच वदवून घेता येते का? जुनाट वेदनेचे रुग्णही या प्रश्नाशी दीर्घकाळ झुंजत आले आहेत. दोन्ही कथा एकत्र वाचण्याजोग्या आहेत.

२/ तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या किंवा पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या वेदनेला वैद्यकशास्त्र जुनाट वेदना म्हणते. जखम भरते, एक्स-रे निर्दोष येतो, कंबर मात्र दुखतच राहते. मग घरचे, कचेरीतले, विमा कंपनी आणि प्रसंगी न्यायालयही विचारते : खरेच दुखते का?

३/ या अविश्वासाचे मूळ जुने आहे. देकार्तच्या मृत्यूनंतर, १६६४ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रेंच ग्रंथात वेदना घंटेच्या दोरीसारखी मानली होती : टोकाला हिसका बसला की मेंदूत घंटा वाजते. म्हणजे हिसका नाही तर वेदनाही नाही! १९६५ मध्ये मेलझॅक आणि वॉल यांनी हे चित्र बदलले. मज्जारज्जूत जणू एक दार असते आणि ते कमी-अधिक उघडण्यात मेंदूचाही हात असतो, असे त्यांनी मांडले.

४/ भारतातील एक प्रयोग त्याही आधीचा. १९६१ मध्ये दिल्लीच्या एम्समधील आनंद, छिना आणि बलदेव सिंग यांनी योगसाधकांच्या मेंदूचे विद्युत-आलेख प्रसिद्ध केले. दोघा साधकांनी ४ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ४५ ते ५५ मिनिटे हात बुडवून ठेवला, तरी त्यांच्या आलेखातील शांत अल्फा लहरी टिकून राहिल्या.

५/ १९९१ मध्ये माँट्रियलच्या संशोधकांनी पेट स्कॅनच्या साहाय्याने उष्णतेची वेदना मेंदूत शोधली. ती एका ठिकाणी सापडली नाही. अनेक भाग एकाच वेळी जागे झालेले दिसले. मेंदूत वेदनेचे एकच ‘केंद्र’ असावे, ही कल्पना मागे पडू लागली.

६/ २००४ मध्ये शिकागोच्या अपकेरियन यांच्या गटाने जुनाट पाठदुखीच्या २६ रुग्णांचे एमआरआय तपासले. त्यांच्या मेंदूतील करडे द्रव्य निरोगी व्यक्तींच्या तुलनेत ५ ते ११ टक्के कमी होते. सर्वसाधारण वार्धक्यात १० ते २० वर्षांत होते तेवढी ही घट. २०११ मध्ये माँट्रियलच्याच संशोधकांना आढळले, की पाठदुखीवर उपचार लागू पडले तर हे बदल काही अंशी उलटतात. वेदनेने बदललेला मेंदू सावरूही शकतो.

७/ मग मेंदूची प्रतिमा हाच पुरावा का मानू नये? येथे कलिनाचा धडा उपयोगी पडतो. तेथील चाचणीत आरोपीच्या डोक्यावर इलेक्ट्रोडची टोपी बसवून गुन्ह्याविषयीची वाक्ये ऐकवली जात. आरोपीने एक शब्दही बोलायचा नसे. प्रसंग त्याने स्वतः अनुभवला आहे की नाही, हे आलेख सांगतो, असा दावा होता.

८/ जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने दोषसिद्धीसाठी या चाचणीचाही आधार घेतला. देशोदेशीच्या तज्ज्ञांनी चिंता व्यक्त केली. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात सांगितले, की नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूची अशी चाचणी कोणावरही सक्तीने करता येणार नाही. आधार होता राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) आणि २१ चा.

९/ वेदनेच्या बाबतीत मोह याहून मोठा. २०१३ मध्ये टोर वेगर यांच्या गटाने निरोगी व्यक्तींच्या एमआरआयमधून उष्णतेच्या वेदनेचा ‘ठसा’ ९० टक्क्यांहून अधिक अचूकतेने ओळखला. परंतु तव्याचा चटका वेगळा आणि दहा वर्षांची कंबरदुखी वेगळी. शिवाय हे यंत्र वेदना मोजत नाही; रक्तातील प्राणवायूच्या बदलावरून ते मेंदूच्या हालचालीचा अंदाज बांधते. अनेक रुग्णांच्या सरासरीत जे दिसते, ते एका रुग्णात दिसेलच असे नाही.

१०/ म्हणूनच २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय वेदना-अभ्यास संघटनेच्या तज्ज्ञगटाने बजावले, की मेंदूच्या प्रतिमा वेदनेच्या ‘सत्यशोधक यंत्रा’सारख्या वापरू नयेत. प्रतिमेत काही दिसले नाही म्हणून वेदना खोटी ठरत नाही. उपचार शोधण्यासाठी आणि वेदना का चिकटून राहते हे समजण्यासाठी मात्र त्या अमोल आहेत.

११/ २०२० मध्ये याच संघटनेने वेदनेची व्याख्या सुधारली आणि तिच्या टिपांत नोंदवले, की व्यक्ती स्वतःच्या वेदनेविषयी जे सांगते त्याचा आदर व्हावा. न्यायालयाने आरोपीचा मौनाचा हक्क जपला. रुग्णाचा हक्क याच्या नेमका उलट, आपले म्हणणे ऐकले जाण्याचा. दोन्ही ठिकाणी यंत्राला माणसाच्या जागी बोलू द्यायचे नाही, हे तत्त्व मात्र एकच.